‘फुल बॉडी’चा एकगठ्ठा भाव ही शुद्ध लबाडी आहे

गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात एक वाक्य सर्रास ऐकू येतं. “फुल बॉडी एवढ्यात करून देतो साहेब, एकदम शोरूम कंडिशन!” या वाक्यात भाव आहे, आश्वासन आहे, पण काम काय करणार याबद्दल एक अक्षर नाही. असा एकगठ्ठा भाव सांगणं ही लबाडी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ती रस्त्याकडेचा गॅरेजवाला करतो, एसी केबिनमधला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर करतो, आणि आपण गाडीवाले ती बिनबोभाट चालवून घेतो. आकडा सोडून दुसरं काही ऐकून घ्यायची आपलीच तयारी नसते.

माझी चंदेरी हॅचबॅक दहा वर्षांची झाली. टप आणि बॉनेटवरचा क्लिअर कोट उन्हाने सुटून पापुद्रे निघायला लागले, एका दाराच्या खालच्या कडेला गंज धरला, म्हणून पुण्यात भाव काढले. एका गॅरेजात 24 हजार सांगितले. स्वतःचं पेंट बूथ असलेल्या वर्कशॉपात 55 हजार. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आकडा 80 हजारांच्या वर गेला. गाडी तीच, रंग तोच, आणि भावात तिपटीहून जास्त फरक. 24 हजारवाल्याने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे आकडा खरडून दिला. सर्व्हिस सेंटरने छापील एस्टिमेट दिलं. त्यात बॉनेट, टप, डिकी, दोन फेंडर, चार दारं, मागचे दोन क्वार्टर पॅनल आणि दोन बंपर अशा तेरा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे ‘पेंटिंग’ एवढाच शब्द. गंजाचं काय करणार? कुठेही लिहिलेलं नव्हतं. जुना क्लिअर कोट पूर्ण काढणार की नुसता घासणार? तेही नाही. अ‍ॅडव्हायझरला विचारलं, तर तो म्हणाला, “सर, सगळं इन्क्लुडेड आहे.” सगळं म्हणजे काय, हे मात्र त्याला सांगता येईना.

महाग-स्वस्त असण्याबद्दल माझी तक्रार नाही. 24 हजारांचं काम असू शकतं आणि 80 हजारांचंही. संताप येतो तो दोन्ही ठिकाणी गिऱ्हाइकाला आंधळं ठेवलं जातं म्हणून.

रंगवण्याचा खर्च म्हणजे रंगाच्या डब्याचा खर्च, ही समजूत आधी डोक्यातून काढून टाका. लहान हॅचबॅकला बेस कोट अडीच-तीन लिटर लागतो, क्लिअर साधारण तेवढाच. शिवाय प्रायमर, हार्डनर, थिनर, पुट्टी, पॉलिश पेपर, मास्किंग टेप. नावाजलेल्या कंपनीचा पीयू (पॉलियुरेथेन) माल घेतला तरी चांगल्या बिलातला मोठा वाटा मालाचा नसतो. हे मी माझ्या मनाने सांगत नाही. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या टॅरिफमध्ये घसारा मोजायचा जो नियम आहे, त्यात पेंटिंगचं बिल एकत्रित असेल तर मालाचा वाटा 25 टक्के धरला जातो. उरलेले 75 टक्के माणसांच्या हाताचे, वेळेचे आणि बूथचे. आणि भाव पाडायचा म्हटलं की कात्री लागते ती नेमकी या 75 टक्क्यांना, कारण ते काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना कधीच दिसत नाही.

हे न दिसणारं काम काय असतं ते मी एका पेंटरच्या शेजारी उभं राहून पाहिलं आहे. कात्रजच्या बाजूला छोटं गॅरेज आहे. पन्नाशीचा पेंटर, त्याला सगळे उस्ताद म्हणतात. समोर एका सेडानचं मागचं दार होतं, ठोकून सरळ केलेलं. त्याने 80 नंबरच्या पेपरने खड्ड्याच्या भोवतीचा रंग पार पत्र्यापर्यंत उतरवला, आणि उतरवताना प्रत्येक थराची कड बाहेरच्या बाजूला निमुळती करत नेली. कड तशीच उभी सोडली तर नवा रंग सुकल्यावर तिची रेघ वर दिसते. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर. मग हार्डनर घातलेली पुट्टी, पातळ. ती सुकल्यावर ठोकळ्याला पेपर लावून घासणं. मग सरफेसर, आणि त्यावर काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा. मला आधी कळेना, चांगल्या राखाडी दारावर हा काळं का उडवतो आहे. त्याने ठोकळा हातात घेऊन 320 च्या पेपरने तिरकं तिरकं घासायला सुरुवात केली, तेव्हा उलगडा झाला. जिथे पृष्ठभाग सपाट तिथला काळा निघून गेला, जिथे खोलगट तिथे काळा डाग राहिला. हाताच्या तळव्याएवढा एक डाग उरला. उस्तादांनी डोळे दुसरीकडे वळवून दारावरून हात फिरवला, बोटांखाली फडक्याची घडी धरून, आणि म्हणाले, “अजून आहे.” पुन्हा पुट्टी, पुन्हा सुकवणं, पुन्हा घासणं. एका दारावर असा अख्खा दिवस गेला आणि रंगाचा थेंबही अजून पडला नव्हता.

या दिवसाची मजुरी कोणत्या एस्टिमेटमध्ये लिहिलेली असते? मी तरी पाहिलेली नाही. 24 हजारांत तेरा पॅनल म्हणजे पॅनलमागे 1,850 रुपयेसुद्धा येत नाहीत. त्यात माल, मजुरी, वीज, जागेचं भाडं आणि मालकाचा नफा बसवायचा असेल तर उस्तादांचा तो दिवस बसूच शकत नाही. तो गाळला जाणार हे गणित आहे, त्यात गॅरेजवाल्याच्या स्वभावाचा प्रश्नच येत नाही.

काय काय गाळतात ते ऐका. जुना रंग पुरता उतरवत नाहीत, वरवर घासतात. प्रायमर टाळतात. पुट्टी थापतात, कारण पत्रा ठोकून सरळ करायला वेळ लागतो आणि पुट्टीने खड्डा तासाभरात भरतो. दाराची हँडलं, दिवे, काचांचे रबर काढत नाहीत, वर्तमानपत्र आणि टेप लावून भागवतात. मग रबराच्या कडेशी रंगाचा थर अर्धवट थांबतो, आणि वर्षभरात तिथूनच सोलायला लागतो. बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्याला प्लॅस्टिक प्रायमर न लावता थेट रंग मारतात. पहिल्या धक्क्याला त्याचे पोपडे निघतात. पीयूच्या जागी स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग वापरतात. तो भराभर सुकतो म्हणून गॅरेजवाल्याच्या सोयीचा, पण त्याची चकाकी उन्हात टिकत नाही आणि पेट्रोल सांडलं तरी तो खराब होतो. पावसाळ्यात तर एनसीची दशा विचारू नका. थिनर पटकन उडतो, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि रंग पांढरट पडतो. जुलैमध्ये उघड्या शेडखाली असलं काम करून देणारा माणूस तुमचे पैसे पाण्यात घालतो आहे.

गंजाचा प्रकार तर याहून वाईट. मुंबई, रत्नागिरी, मालवणच्या गाडीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. खाऱ्या हवेत दाराच्या खालच्या शिवणीतून, चाकाच्या कमानीतून गंज आतून बाहेर येतो. पत्र्याला भोकं पडेपर्यंत वर फक्त एक-दोन फोड दिसतात. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडणं हा त्यावरचा उपाय. त्याऐवजी फोड घासून, पुट्टी भरून, वर रंग मारून गाडी चकचकीत करून देतात. ओल असलेल्या भिंतीला रंग काढण्यातलाच हा प्रकार. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फोड येतो आणि गॅरेजवाला म्हणतो, “साहेब, गंज आतून आला, त्याला आम्ही काय करणार?” गंज आतून येतो हे त्याला पैसे घेतानाही माहीत होतं.

आता ‘शोरूम कंडिशन’. हा दावा तांत्रिकदृष्ट्याच खोटा आहे. कारखान्यात नुसती बॉडी, म्हणजे वायरी, काचा, सीट काही नसलेला पत्र्याचा सांगाडा, प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने तो थर कोपऱ्याकोपऱ्यात बसवतात. मग भट्टीत भाजतात. वरचे रंगाचे थरही 140 अंशांच्या आसपास भाजले जातात. सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या ते सातव्या हिश्शाएवढी. तयार गाडी 140 अंशांच्या भट्टीत घातली तर वायरिंग आणि प्लॅस्टिक वितळेल. म्हणून दुरुस्तीत हार्डनर मिसळायचा रंग वापरतात आणि चांगल्या बूथमध्ये 60 अंशांच्या आसपास सुकवतात. तोही उत्तम टिकतो, वर्षानुवर्षं टिकतो, पण तो वेगळा रंग आहे आणि तो किती टिकणार हे खालच्या तयारीवर ठरतं. बूथ उभारायला लाखो रुपये लागतात, त्याचा बर्नर डिझेल खातो. 55 हजारवाल्याच्या भावात हे धरलेलं असतं. त्याने तसं सांगावं, मी पैसे देतो. तोही सांगत नाही.

चंदेरी किंवा कुठल्याही मेटॅलिक रंगाच्या गाडीवाल्यांना आणखी एका बाबतीत फसवतात. या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. गनचं प्रेशर, अंतर, हाताचा वेग बदलला की कण वेगळे बसतात आणि तोच रंग गडद किंवा फिका दिसतो. गाडीच्या पट्टीवरचा कलर कोड बघून अचूक फॉर्म्युल्याने रंग बनवला तरी दहा वर्षं उन्हात राहिलेल्या शेजारच्या पॅनलशी तो तंतोतंत जुळत नाही. त्यासाठी नवा रंग शेजारच्या पॅनलवर विरळ करत न्यायचा आणि दोन्हींवर पूर्ण क्लिअर मारायचा, ही रीत आहे. म्हणजे एका दाराच्या कामात प्रत्यक्षात दोन किंवा तीन पॅनलचं काम असतं. एस्टिमेटमध्ये मात्र ‘एक दार’ लिहितात. मग एकतर रंग जुळत नाही, नाहीतर गाडी खोलून ठेवल्यावर “अजून एक पॅनल करावं लागेल” असा फोन येतो. त्या क्षणी गिऱ्हाईक पुरतं अडकलेलं असतं. त्याला नाही म्हणता येत नाही, आणि हे फोन करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

मला सर्वांत जास्त चीड येते ती “इन्शुरन्समध्ये बसवून देतो” या वाक्याची. गिऱ्हाइकाला सांगतात, काहीच खर्च नाही, कंपनी देते. हा साफ खोटा हिशेब आहे. एका दाराचं पेंटिंगचं बिल 5,000 धरा. एकत्रित बिलात मालाचे 25 टक्के, म्हणजे 1,250. त्यावर 50 टक्के घसारा, म्हणजे 625 रुपये तुमच्या खिशातून. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट 1,000. विमा कंपनीकडून तुम्हाला मिळाले 3,375. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतलं असेल तर 625 वाचतील, वजावट वाचत नाही. आता नो क्लेम बोनसकडे या. तो 20, 25, 35, 45, 50 टक्के असा वर्षागणिक चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. तुमचा बोनस 50 टक्क्यांवर असेल आणि ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम समजा 10,000 असेल, तर पहिल्या वर्षी 5,000 जास्त भराल, मग 3,000, मग 2,500, मग 1,500, मग 500. प्रीमियम तोच राहिला असं धरलं तर एकूण 12,500 रुपये. 3,375 रुपये मिळवण्यासाठी 12,500 घालवायचे! बोनस वाचवणारं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर हा हिशेब कुणालाही कागदावर करता येतो. सर्व्हिस सेंटरच्या माणसाला तो पाठ असतो, तरी तो सांगत नाही, कारण क्लेममध्ये त्याच्या पॅनलच्या दरावर गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.

आणि यापुढे जाऊन जेव्हा सांगतात की जुने ओरखडेही याच अपघातात दाखवू, तेव्हा ते तुम्हाला खोट्या क्लेमवर सही करायला लावत असतात. फॉर्मवर सही तुमची असते, वर्कशॉपची नसते. अशा ठिकाणाहून किल्ली परत घेऊन सरळ निघून यावं.

आता आपल्याकडेही बोट दाखवायला हवं. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कामाच्या ठिकाणी दमा जडण्याच्या प्रमुख कारणांमध्ये त्याची गणना जगभर होते. धोका असेल एवढं प्रमाण हवेत असलं तरी त्याचा वास येईलच असं नाही, आणि एकदा माणसाचं शरीर त्याला संवेदनशील झालं की नंतर थोड्याशा फवाऱ्यानेही त्याला झटका येऊ शकतो. यावर नळीने ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. आपल्या गॅरेजांत काय दिसतं? नाकावर बांधलेला रुमाल. फार तर कापडी मास्क. त्या रुमालाने धूळ अडेल, आयसोसायनेट अडत नाही. बंद शेडमध्ये एखादा विशीतला पोरगा तुमच्या गाडीला क्लिअर मारत असतो, आणि बाहेर तुम्ही मालकाला म्हणत असता, “दोन हजार अजून कमी करा की!” ते दोन हजार मालक स्वतःच्या नफ्यातून सोडत नाही. मास्क येत नाही, एक्झॉस्ट पंखा बसत नाही, पोराचा रोज वाढत नाही. दहा-बारा लाखांच्या गाडीत बसणाऱ्या माणसाने ही घासाघीस करणं मला लाजिरवाणं वाटतं, आणि हे मी अनेकांच्या तोंडावर बोललो आहे.

“बिल हवं की नको” हा प्रश्नही असाच. दुरुस्तीच्या कामावर 18 टक्के जीएसटी आहे. बिल नको म्हटलं की तेवढे वाचले असं वाटतं. सहा महिन्यांनी क्लिअर सोलला, तर कोणता कागद घेऊन भांडायला जाणार? ग्राहक आयोगापुढे व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवरचा आकडा ठेवणार?

प्रत्येक जुन्या गाडीला फुल बॉडी लागते असंही नाही. रंग नुसता निस्तेज झाला असेल आणि क्लिअर शाबूत असेल, तर नीट रबिंग-पॉलिशने तो परत उजळतो आणि खर्च फुल बॉडीच्या कितीतरी कमी येतो. क्लिअरचे पापुद्रे निघाले असतील तर पॉलिशचा काही उपयोग नाही, तो पॅनल उतरवावाच लागतो. विकण्याआधी रंगवून किंमत वाढवू म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: जुन्या गाड्यांचे व्यापारी आता जाडी मोजायचं मीटर घेऊन येतात. मूळ रंगापेक्षा आकडा बराच वर गेला की पॅनल पुन्हा रंगवलेला, आणि पाचशे-हजार मायक्रॉन दाखवला की खाली पुट्टी, हे त्यांना लगेच कळतं, आणि ते अपघाताची गाडी म्हणून भाव पाडतात. रंगच बदलायचा असेल तर आरसीवर मूळ रंगाची नोंद असते, आरटीओकडून ती बदलून घ्यावी लागते, आणि दारांच्या आतल्या कडा, इंजिनाचा भाग, डिकीची आतली बाजू रंगवायचं काम वाढतं. ते न करता बाहेरून लाल आणि दार उघडल्यावर चंदेरी अशा गाड्या रस्त्यावर आहेत.

माझ्यापुरतं मी फुल बॉडी करून घेतली नाही. दहा वर्षांच्या गाडीवर 55 हजार घालणं मला पटलं नाही. टप, बॉनेट आणि गंजलेलं दार एवढंच उस्तादांकडे दिलं, शेजारच्या फेंडरवर आणि दारावर रंग विरळ करून क्लिअर मारायचा हे आधीच ठरवून. पॅनलच्या भावाने पाहिलं तर काम महाग पडलं. त्यांनी सांगितलेल्या भावातून एक रुपया मी कमी करून घेतला नाही. दाराची खालची कड त्यांनी कापून नवा पत्रा जोडला आणि जोडायच्या आधी मला बोलावून कुजलेला तुकडा हातात दिला.

तुम्ही गाडी कुठेही द्या, पण आधी लेखी मागा. कोणते पॅनल पत्र्यापर्यंत उतरवणार, प्रायमर कोणता, रंग पीयू की एनसी, कोणत्या कंपनीचा, क्लिअरचे किती हात, हँडलं-दिवे-रबर काढणार की टेप लावणार, शेजारच्या पॅनलवर किती जाणार, गंजाचं काय करणार, गॅरंटी किती महिन्यांची. काम चालू असताना प्रायमरच्या टप्प्यावर गाडी बघायला येणार हेही आधीच सांगून ठेवा. रंगाचे डबे तुमच्यासमोर उघडायला लावा. हे सगळं लिहून द्यायला जो नकार देतो, त्याचा भाव सगळ्यांत कमी असला तरी त्याच्या दारात गाडी उभी करू नका.